फडावरचा निरोप

बोरदऱ्यात गाडी शिरली तेव्हा पहिल्या घराला कुलूप होतं. वाटलं, माणसं रानात गेली असतील. दुसऱ्या घरालाही कुलूप. तिसऱ्याच्या कडीला तार पिळून बांधलेली. पुढं सगळी आळीच तशी. कुठं चुलीचा धूर नाही, अंगणात सडा नाही, एखादं कुत्रं उठून भुंकेल म्हणावं तर तेही नाही.

"निकम हवालदार, गाव हेच ना?" गाडी चालवणाऱ्या थोपटेनं विचारलं.

"पाटी तर हीच होती."

गाडीत मागं पेटी होती. पेटीत आमच्या पलटणीचा शिपाई अंबादास केकाण. उत्तरेकडच्या एका चौकीवर बर्फाचा कडा कोसळला, त्यात तो गेला. पुण्यापर्यंत त्याला विमानानं आणलं आणि तिथून बीड जिल्ह्यातल्या त्याच्या गावी पोचवायचं काम माझ्याकडं आलं. तो माझ्या तुकडीतला, भाषा एकच, म्हणून मी. असली कामं मी आधीही केली होती. वेशीपासूनच माणसांची रीघ लागते, कुणीतरी रडत गाडीपुढं धावतं आणि घर दाखवतं. आपण ताठ उभं राहायचं, बस. इथं मात्र कुणाच्या दारात उभं राहायचं तेच कळेना.

शाळेपाशी मांडव दिसला. मांडवात रिकाम्या खुर्च्या, दांड्यावर उभा केलेला माइक, झेंडूच्या माळा. जिल्ह्याहून आलेली सलामीची तुकडी भिंतीच्या सावलीत बसली होती. नायब तहसीलदार उठून आले. पन्नाशीचा, झोप न झालेला माणूस.

"आई-वडील कुठं आहेत?" मी विचारलं.

"निरोप गेलाय. काल संध्याकाळीच त्यांच्या टोळीच्या मुकादमाला फोन केला. येतील."

"येतील म्हणजे कुठून?"

"कारखान्यावरून. हे ऊसतोडीचं गाव, हवालदार. दिवाळी झाली की कुलपं लावून जातात, ती उन्हाळ्यात परततात. आत्ता गावात दोनचार थकलेले तेवढे."

 अंबादासनं आम्हाला सांगितलेलं गाव वेगळंच होतं. डाळिंबाची बाग, दोन विहिरी, दारात जीप. बराकीत पोरं आपापल्या घरच्या गोष्टी सांगायची तेव्हा हाही सांगायचा, हळू आवाजात, झाडांची जात, पाण्याची पाळी असं सगळं बारकाव्यानं. खोटं वाटावं असं त्यात काही नव्हतं.

आणि मी कधी खोदून विचारलं नाही, कारण मला तसं सुचलंच नसतं. माझं गाव साताऱ्याकडचं. आजोबा फौजेत, वडील फौजेत, मी फौजेत. माणूस फौजेत का जातो, हा प्रश्न आमच्याकडं कुणाला पडत नसे. मिसरूड फुटलं की जायचं. बाकीचेही तसेच आले असतील असं मी धरून चाललो होतो.

ऊन वर चढलं तरी कुणी आलं नाही. मुकादमाचा फोन वाजत राहायचा आणि बंद व्हायचा. मांडवाच्या खांबाला टेकून एक म्हातारा बसला होता. लिंबाजी नाना, केकाणांच्या भावकीतला. हातात जोर उरला नाही म्हणून घर राखायला मागं राहिलेला.

नायब तहसीलदारांनी मला बाजूला घेतलं. "दुपारी जिल्ह्याचे साहेब येणार आहेत. त्यांना पुढं दुसरा कार्यक्रम आहे. पालक वेळेत आले तर उत्तमच. नाहीतर या नानांच्या हातून अग्नी देऊन उरकू."

नानांना ऐकू गेलं. "मी? माय-बाप जित्ते असताना मी कसा हात लावू त्याला?" ते उठून माझ्यापाशी आले. "सायेब, त्यांची ऊसतोड चाललीया त्यो फड मला ठावं हाये. चला म्हणलं तर दावतो."

पेटी आई-वडिलांच्याच ताब्यात द्यायची असा मला हुकूम होता. आणि पेटी सोडून कुठं जायचं नाही, असाही होता.

"मी पेटी घेऊन जातो," मी म्हणालो.

"कुठं?"

"त्याच्या आई-बापाकडं."

नायब तहसीलदारांनी मांडवाकडं पाहिलं, माळांकडं पाहिलं, कपाळ चोळलं. माणूस वाईट नव्हता. "जा," ते म्हणाले. "साहेबांना काय सांगायचं ते बघतो मी."

आम्ही आल्या वाटेनंच परत निघालो. नाना माझ्या नि थोपटेच्या मध्ये, पाय जवळ ओढून बसलेले. नदीचा पूल ओलांडल्यावर त्यांनी डावीकडं बोट केलं तेव्हा थोपटेनं माझ्याकडं पाहिलं. सकाळी याच फाट्यावर उसाच्या बैलगाड्यांची लांब रांग आमच्या पुढं होती आणि वाट देत नाही म्हणून आम्ही हॉर्न वाजवत बसलो होतो.

"अंबादास काय म्हणायचा तिकडं? घरचं?" नानांनी विचारलं.

"डाळिंबाची बाग आहे म्हणायचा."

नाना हसले नाहीत. "बाग व्हती. लिंबगावच्या पाटलाची. उन्हाळ्यात हा तिथं पाणी धरायला जायचा." मग म्हणाले, "त्याचं लगीन मोडलं, ते सांगितलं का त्यानं?"

"नाही."

"फडावर माणूस मोजत न्हाईत, सायेब. कोयता मोजत्यात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं पोरगं म्हंजी अर्धा कोयता, त्याला मुकादम आगाऊ उचल देत न्हाई. मग पोरगं हाताशी आलं की लगीन लावायचं. त्याची भन रुक्मीण, साळंत हुशार. तिचं असंच लावलं. अंबादासचं ठरलं तवा त्यो सरळ म्हणला, मला कोयता व्हायचं न्हाई. आन् गेला भरतीला. बाप वरीसभर बोलला न्हाई त्याच्याशी."

"पण मग तो नोकरीला लागल्यावर हे दोघं तोडीला का जातात?"

"घर बांधलं पत्र्याचं. मायचं आप्रेशन झालं. येत्या साली बंद करू, येत्या साली बंद करू, असं चाललं व्हतं. पोरगा सुट्टीला आला तरी गावाकडं फिरकायचा न्हाई. फडावरच यायचा. बापाला म्हणायचा, तुमी कोपीत निजा. आन् कोयता घेऊन पहाटंच उसात शिरायचा."

मला त्याचे हात आठवले. सुट्टीवरून परतला की तळहात चिरलेले असायचे. एकदा विचारलं तर म्हणाला होता, "उस्ताद, डाळिंबाला काटे असतात." भरती होऊन आलेली पोरं पहिले काही दिवस उशीत तोंड खुपसून रडतात. परेड, शिव्या, पहाटेची शिट्टी, काही सोसत नाही. हा एकटा निवांत असायचा. ताटभर जेवायचा, पडल्या पडल्या झोपायचा. मी सगळ्यांना सांगायचो, बघा, जातिवंत फौजी बघा.

फडापाशी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. बांधाच्या पलीकडं पाचटाच्या नि चटयांच्या कोप्या, बैल सोडलेले, झोळीत पोरं. रस्त्यावर एक ट्रक उभा, अर्धा भरलेला. पांढऱ्या टोपीतला एक माणूस आमची गाडी बघून जागच्या जागी थांबला. हा मारुती मुकादम.

"सांगितलंत?" मी विचारलं.

त्यानं मान हलवली. "सांगवलं न्हाई, सायेब. काल सांजंला फोन आला. त्यांच्या कोपीपस्तोर गेलो दोनदा. ती भाकरी करत व्हती. परत आलो." ट्रककडं न बघता म्हणाला, "म्हणलं गाडी भरू द्यावी. मग सांगावं."

त्याला बोलावं असं वाटलं, पण अंगात तेवढं त्राण नव्हतं. थोपटेला पेटीपाशी ठेवून मी नि नाना बांध उतरलो.

उसात कोयत्यांचा आवाज चालू होता, एका लयीत, सगळीकडून. डोक्यावर मोळी घेतलेला एक काटकुळा माणूस समोरून येत होता. माझा गणवेश दिसला तसा तो थबकला. मग मोळी तिथंच टाकून तो लगबगीनं पुढं आला. सगळा चेहरा फुललेला.

"आंबादासचे सायेब का तुमी?"

मी हो म्हणालो.

"मी साहेबराव. त्याचा बाप." त्यानं धोतराला हात पुसून नमस्कार केला. "त्यो कुठंय? मागं ऱ्हायला काय? संक्रांतीला येतो म्हणला व्हता, तवा न्हाई जमलं." आणि उसाकडं तोंड करून ओरडला, "गया! आगं ए गया! पोराचे सायेब आलेत! रुक्मीण, च्या टाक!"

मी दोनदा तोंड उघडलं. त्यानं पाचटावर पोतं अंथरलं, हातानं झटकलं. "बसा सायेब. इथं काय, असंच हाये आमचं. त्यानं सांगितलंच आसंल."

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

त्याची आई उसातून बाहेर आली. अंगात पुरुषाचा सदरा, डोक्याला फडकं, हातात कोयता. तीही हसतच आली होती. पण तिनं माझ्याकडं फार वेळ पाहिलं नाही. तिची नजर माझ्या मागं उभ्या असलेल्या लिंबाजी नानांवर गेली.

"नाना," ती म्हणाली, "तुमी गाव सोडून कामून आलाव?"

 नाना हळूच खाली बसले, मातीतच, आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

मी टोपी काढली. वाक्य पाठ होतं माझं. अनेक घरांत म्हटलं होतं. त्या दिवशी त्यातले दोनच शब्द निघाले. "मावशी, अंबादास..."

तिनं कोयता खाली टाकला. साहेबराव माझ्याकडं, मग तिच्याकडं, परत माझ्याकडं बघत राहिला, पोतं हातात तसंच धरून. शेजारच्या ओळीतला कोयता थांबला. मग त्याच्या पलीकडचा. आवाज लांबपर्यंत विझत गेला आणि माणसं उसातून बाहेर यायला लागली. सगळं बोरदरा गाव त्या उसात होतं.

गाडीपाशी आल्यावर बाप म्हणाला, "उघडा." आम्ही झाकण सरकवलं. बर्फानं चेहरा तसाच ठेवला होता, जरा काळसर, बाकी झोपल्यासारखा. आईनं हात पुढं केला आणि मागं घेतला. हाताला उसाची कूस नि चिकट रस होता. तिनं सदऱ्याला हात पुसले, मग पुन्हा पुसले, आणि मग त्याच्या कपाळाला लावले. रुक्मीण मूल काखेला घेऊन मागं उभी होती. तिचा आवाज तेवढा सगळ्यांच्या वर जात होता.

बऱ्याच वेळानं साहेबराव मुकादमाकडं वळला. "मारुतीभाऊ, हितंच करू. मळ्याच्या मालकाला इचारा, कडंला जागा देतो का. गावात कोण हाये? नुसती कुलपं. सगळी माणसं तर हितंच हायेत."

मुकादमानं मान डोलवली. दोघंतिघं म्हातारेही म्हणाले, व्हय, तेच बरं. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. तिथंच उरकलं असतं तर सगळ्यांचेच हाल वाचले असते.

"न्हाई," गयाबाई म्हणाली.

ती पेटीला धरून उभी होती. आवाज चढला नव्हता.

"असल्याच फडात झालाय त्यो. भर तोडीत. कोयत्यानं नाळ कापलीया मी त्याची, आन् तिसऱ्या दिवशी मोळी उचललीया. हितं जल्मला, हितं वाढला, सुट्टीला आला तरी हितंच आला. आता मेल्यावर बी हितंच का? त्याला त्याच्या घरी न्या. सवताच्या घरात एक दीस तरी ऱ्हाऊ द्या त्याला."

 मग एक तरणा गडी ट्रकवर चढला आणि वरच्या मोळ्या खाली फेकायला लागला. दुसरा चढला. मुकादम "आरं, आरं, कारखान्याला काय सांगू मी" असं म्हणत पुढं झाला. ट्रकच्या कडेला येऊन थांबला, वर बघितलं, आणि स्वतःच दोराची गाठ सोडायला लागला.

बायका, पोरं, म्हातारी, जेवढी मावली तेवढी ट्रकात चढली. उरलेली मुकादमानं आणलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. बैलांपाशी चारदोन माणसं ठेवली. आमची गाडी पुढं, तो ट्रक मागं. आई-बाप पेटीच्या दोन बाजूंना बसले होते. वाटेत एकदा मागून साहेबरावाचा आवाज आला, "थंडी लई आसंल का वं तिथं?"  तो आम्हाला विचारत होता की तिला, ते कळलं नाही.

बोरदऱ्यात पोचलो तेव्हा सूर्य टेकायला आला होता. मांडव रिकामा. साहेब येऊन, फोटोला हार घालून, वाट पाहून गेले होते. नायब तहसीलदार मात्र होते. सलामीची तुकडी त्यांनी धरून ठेवली होती.

ट्रकमधून माणसं उतरली आणि आधी कुणी मांडवाकडं आलंच नाही. प्रत्येक जण आपापल्या दाराकडं गेला. कनवटीच्या किल्ल्या निघाल्या, तारा सुटल्या, कड्या वाजल्या. थोड्याच वेळात घराघरांतून धूर निघाला, कुणी पाणी आणलं, कुणी सडा टाकला. तोडीच्या दिवसांत ते गाव असं कधी उघडलं नसावं. केकाणांचं घर शेवटी होतं. पत्र्याचं, दोन खोल्यांचं, भिंतींना अजून गिलावा नाही. पेटी आत नेऊन ठेवली. गयाबाईनं त्याच्या उशाशी दिवा लावला आणि दार लोटून घेतलं. बाहेर आम्ही सगळे उभे. उजेड कमी होत चालला होता, पण नायब तहसीलदारांनी घड्याळ पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा म्हणाली, "चला आता."

गावामागच्या केकाणांच्या खडकाळ तुकड्यात सरण रचलं होतं. फैरी झाल्या, बिगुल झाला. माइक कुणी सुरू केला नाही. बापानं अग्नी दिला. मी तिरंग्याची घडी करून गयाबाईच्या हातात ठेवली.

"ह्याचं काय करू?" तिनं विचारलं.

"घरात ठेवा, मावशी."

"घरात कोण असतं?"

 मी म्हणालो, आता पेन्शन बसेल, आता तुम्ही गावातच राहायचं. तिनं ऐकून घेतलं, जसं परक्या माणसाचं ऐकून घेतात तसं. पुढं ते दोघं गावातच राहिले, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. पण साहेबराव फार दिवस काढू शकला नाही. बसून राहायची सवयच नव्हती त्याला, असं नाना म्हणाले.

त्या संध्याकाळी अंधार पडता पडता ट्रक पुन्हा सुरू झाला. फडात बैल होते, उचल घेतलेला पैसा अंगावर होता. आई-बाप दहाव्यापर्यंत थांबणार होते, बाकीच्यांना जावंच लागणार होतं. जाता जाता माणसं माझ्यापुढं येऊन हात जोडत होती. मी इतका थकलो होतो की नुसती मान हलवत होतो.

सगळ्यांत शेवटी रुक्मीण आली. रडून डोळे सुजलेले, मूल काखेत झोपलेलं. वर्षाचं असेल. नवरा ट्रकातून हाका मारत होता.

"सायेब, एक इचारू? फौजंत जायला दहावी लागती का बारावी?"

कुणासाठी विचारते, हे मला आधी समजलंच नाही. मग तिनं पोराला वर सरकवलं.

"बाई," मी म्हणालो, "आत्ता, इथं... तुझा भाऊ तिकडं अजून..."

"मला ठावं हाये." तिनं चितेकडं पाहिलं नाही. "फडात मरत न्हाईत का माणसं? माझा दीर गाडीखाली गेला. दुसऱ्या दिवशी आमी तोडीला उभे व्हतो. त्याला न्याया कुणी आलं न्हाई, कुणी झेंडा आणला न्हाई. दादा म्हणायचा, तिथं रोज सकाळी नाव घेऊन हाक मारत्यात."

माझ्या पलटणीत रोज सकाळी हजेरी व्हायची. अंबादास केकाण, असं मी पुकारायचो आणि तो "हाजिर, उस्ताद" म्हणायचा, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. असं नाव घेऊन पुकारण्यात काही विशेष असतं असं मला कधी वाटलं नव्हतं.

"दहावी चालते," मी म्हणालो.

"मग दहावीपस्तोर ह्याला फडावर न्याचा न्हाई. आयजवळ ठिवीन." तिनं ते स्वतःलाच सांगितलं. "आन् उंची?"

मी उंची सांगितली. झोपलेल्या पोराचा पाय वाकून लोंबत होता. तिनं तो हातात धरला, गुडघ्यापाशी हलकेच सरळ केला आणि मांडीपासून टाचेपर्यंत नीट न्याहाळून पाहिला.

"व्हईल एवढा," ती म्हणाली. पोर वरच्या हातांत दिलं, पदर खोचला आणि चाकावर पाय देऊन ट्रकात चढली.